मनस्वीची जीप आणि देवरूखचा मिस्त्री

गोळपच्या चढावर जीप थरथरली, खालून खाट् असा आवाज आला आणि मनस्वीनं ब्रेकवर पाय गच्च दाबला. मागे फवारणीच्या पाण्यानं भरलेलं पिंप, पुढे चढ, आणि हँडब्रेकचा भरवसा कुणी द्यावा! पाय उचलला तर जीप मागे जाणार, नाही उचलला तर जन्मभर इथेच. तेवढ्यात आरशात एक मोटरसायकल थांबताना दिसली. चालवणारा उतरला, रस्त्याकडेचे दोन जांभे दगड त्यानं मागच्या चाकांना लावले आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "सोडा आता पाय. जाणार नाय कुठे."

तिनं पाय सोडला. जीप जागची हलली नाही. मनस्वीला इतकं हायसं वाटलं की आभार मानायचेच राहिले.

तो विनीत. देवरूखचा, पुण्याला कंपनीत चार वर्षं काढून आलेला, आणि महिन्यापूर्वी पावस रस्त्याला गॅरेज टाकलेला. हे सगळं त्यानं जीपखाली आडवं पडून सांगितलं. तिला फक्त त्याचे पाय दिसत होते. पायांवरून माणूस बरा वाटतो, असं तिला उगाचच वाटून गेलं…

आता ही जीप म्हणजे काय, ते सांगायला हवं. मनस्वीच्या बाबांनी, अनिल भाटकरांनी, ती घेतली तेव्हा मनस्वीचा जन्मही झाला नव्हता. घरातली लग्नं, बाळंतपणं, आंब्याच्या पेट्या, सगळं हिच्यातूनच. सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळातल्या बागेत जायची घाटी अशी उभी, की दुसरी गाडी खालूनच नमस्कार करते. बाबांचे गुडघे गेल्यापासून बाग आणि जीप दोन्ही मनस्वी बघत होती. पण गेले काही महिने जीप थरथरायला लागली. दोन मिस्त्र्यांनी गिअरबॉक्स गेला म्हणून माना हलवल्या, आणि मुंबईहून गौरवदादानं फोनवर निकाल देऊन टाकला. शिमग्याला येतो, तेव्हा जीप भरल्या पिंपांसकट घाटी चढली नाही, तर ती भंगारात, बाग कराराने दुसऱ्याला, आणि बाबांना घेऊन तू डोंबिवलीला. दादा वाईट नव्हता हो, काळजीनंच बोलला. पण काळजीनं बोललेलंही लागायचं तिथे लागतंच. शिमग्याला नऊ दिवस उरले होते.

विनीत खालून बाहेर आला. बोटांवर गंजाची तांबडी भुकटी होती. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब दांडा असतो, त्याच्या टोकाला सांध्यात चार टोकांचा लोखंडी क्रॉस असतो, तो झिजून गेलाय, असं त्यानं समजावलं.

"आणि गिअरबॉक्स?"

"त्याला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे."

"परत सांगा."

"ठणठणीत आहे."

"अजून एकदा सांगाल?"

त्यानं तिच्याकडे नीट बघितलं, आणि अजून एकदा सांगितलं – या वेळी जरा हळू, हसत. मनस्वीनं नजर फिरवली आणि समोरच्या काजूला मोहोर किती आलाय ते मोजायला लागली. पिंप त्याच काजूच्या बुंध्यात ओतलं, मागचा दांडा सोडवला, आणि पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर मिळत असल्यानं त्यांच्यावरच जीप हळूहळू गॅरेजपर्यंत आली.

गॅरेजात दांडा बाकावर ठेवून विनीतनं तो पुसला, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. दांडा दोन तुकड्यांचा. एक दुसऱ्यात सरकतो. दोन्हींवर एकेक बाण कोरलेला, आणि ते बाण समोरासमोर यायला हवेत. इथे एक बाण रत्नागिरीकडे, तर दुसरा थेट समुद्राकडे. म्हणून तर थरथर, आणि थरथरीनंच क्रॉस खाल्लेला.

"हा कुणा गाढवानं जोडलान?" विनीतनं विचारलं.

दर गणपतीआधी बाबा दांडा खाली घेऊन ग्रीस भरायचे. यंदा त्यांना खाली वाकवेना, म्हणून तिनं एकटीनं केलं होतं. केवढी मिरवली होती तेव्हा! म्हणजे बाबांच्या जीपला तिनंच मारलं होतं, आणि बिचाऱ्या गिअरबॉक्सला नावं ठेवली होती. कोण जाणे, म्हणून सुटता आलं असतं. पण खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही.

"ते गाढव तुमच्यासमोर उभं आहे," ती म्हणाली.

विनीतचे कान लाल झाले. पाना खाली पडला, तो उचलायला तो उगाच बराच वेळ वाकून राहिला.

"ग्रीस मात्र… गाढवानं सुरेख भरलंन हां," तो शेवटी म्हणाला.

आणि मनस्वी हसली. महिन्याभरात पहिल्यांदा, मोकळी.

चिपळूणहून क्रॉस मागवला, तो मापात बसेना. दुसरा यायला चार दिवस गेले. या चार दिवसांत मनस्वीला गॅरेजात काय काम होतं? काहीच नाही. तरी ती रोज गेली. कधी कोकमाचं सरबत घेऊन, कधी आंबोळ्या, आणि एकदा तर हात हलवत, निमित्तसुद्धा सुचलं नाही म्हणून. नवा क्रॉस बसवताना त्यानं तिलाच पुढे केलं. क्रॉसच्या टोकांवर बसणाऱ्या बेअरिंगच्या वाटीत बारीक पोलादी सुया ग्रीसमध्ये एकेक उभ्या करायच्या, एकही आडवी पडता कामा नये. दोघांची डोकी एकाच वाटीवर वाकलेली. त्याचा श्वास तिच्या कपाळावर येत होता, आणि सुया होत्या की उभ्याच राहीनात. मग बाण समोरासमोर आणून दांडा तिनंच जोडला.

"दर गणपतीला हे करायला लागेल," तो म्हणाला. "गॅरेज आहेच. म्हणजे… मी पण आहेच."

"हो का?" ती म्हणाली. तिला वाटलं, आता बोलेल. त्यानं बोल्ट आवळायला घेतले. असल्या माणसाला काय म्हणावं!

शिमग्याला दादा आला. मागे दोन भरलेली पिंपं, त्यांना धरून विनीत, पुढे दादा, आणि स्टिअरिंगवर मनस्वी. घाटीच्या तोंडाशी तिनं पहिला गिअर टाकला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणाला पिंपं डुचमळली, दादानं दाराची कडी धरली, पण खालून ना खाट् आला, ना थरथर. जीप गुरगुरत, शांतपणे चढत सड्यावर आली. मनस्वीनं इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडली. सुटले बाई, एवढंच मनात.

दादा खाली उतरला. मग त्यानं खरी भीती बोलून दाखवली, की आज चढली, पण उद्या पुन्हा बसली तर? या कातळावर तू एकटी, बाबा घरी, कोण धावणार?

तेवढ्यात बागेत जमलेल्या गड्यांतला सगळ्यात जुना, केरूकाका, नारळ घेऊन पुढे झाला आणि जीपसमोर गाऱ्हाणं घालायला लागला. गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, एकानं घालायचं, बाकीच्यांनी हुंकार द्यायचा.

"बा देवा म्हाराजा, ह्या गाडीच्या चाकाला यश दे."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. दादासुद्धा.

"बागेला बरकत दे."

"व्हय म्हाराजा."

केरूकाकानं विनीतकडे एक डोळा बारीक करून बघितलं. "आणि ह्या पोरीच्या गाडीला कायमचा मिस्त्री दे. घरचाच."

हुंकार आलाच नाही. गडी दादाकडे बघायला लागले, दादा विनीतकडे, आणि विनीत स्वतःच्या पायांकडे. मनस्वीला कळून चुकलं. आता गप्प राहिलं, तर हा मुलगा जन्मभर बोल्टच आवळत बसेल.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली. एकटीच, खणखणीत.

विनीतनं मान वर केली. डोळे भरलेले, आणि आवळायला हाताशी एकही बोल्ट नाही.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.

दादानं एकदा बहिणीकडे बघितलं, केरूकाकाच्या हातातला नारळ घेतला आणि स्वतः फोडला.