मालूआत्याची ओळखभिंत

नाशिकच्या दृष्टिविज्ञान प्रयोगशाळेत त्या सकाळी एक भिंत रियाज मुजावरकडे टक लावून बघत होती आणि रियाज निवांतपणे पोहे खात होता. भिंतीवर शे-दीडशे चेहरे दाटीवाटीने बसले होते. घास घेता घेता त्याने सहज मान वर केली. त्यातले बहुतेक चेहरे आक्रसून कोपऱ्यात गेले आणि त्याची मिरजेची खाला मधोमध येऊन चांगली परातीएवढी झाली.

"बघ," तो सानिकाला म्हणाला, "मी काही तिला शोधत नव्हतो. माझ्या बाहुलीने शोधलं."

डॉ. सानिका रिसबूड ही या भिंतीची खरी जन्मदात्री. डोळ्याच्या बाहुलीवर तिने पीएचडी केली होती आणि रियाजने तिच्या सिद्धांताला अंगभर चित्रलेप, म्हणजे पडद्यासारखी चित्रं उमटवणारा लेप, चढवून त्याची भिंत केली होती. पहिली चाचणी सानिकाच्याच घरी, पाहुण्यांच्या खोलीत व्हायची होती. अडचण एकच होती, तिचे बाबा.

"रंगीत तालीम करू," रियाजने बशी बाजूला सारली आणि आवाज घोगरा केला. "मी मुकुंदराव रिसबूड. माझ्या घरात हे काय थेर चालवलंयस?"

सानिकाला हसू आवरेना. "बाबा, ओळखीचा चेहरा दिसला की डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते. 'अरे, हा तर आपला अमका' असं मनात यायच्याही आधी. भिंतीतला नेत्रवेधक कॅमेरा ते टिपतो. पाहुण्याला जे चेहरे जवळचे, ते मोठे होतात. परके लहान होतात. म्हणजे नव्या जागीही माणसाला आपल्या माणसांत असल्यासारखं वाटतं."

"आणि मी मुद्दाम ओळख दाखवली नाही तर?"

"तोंड फिरवता येतं, बाबा. बाहुलीला दटावता येत नाही."

"सुंदर! आणि हे फोटो मांडणार कोण?"

"भिंतच. आपल्याकडची हजारो घरं दाखवून शिकवलंय तिला. पदवीदानाचा फोटो कुठे, लग्नाचा कुठे, कशाला कसली चौकट, सगळं तिने बघून उचललंय. आम्ही एकही नियम सांगितलेला नाही."

हे शेवटचं वाक्य सानिका फार अभिमानाने म्हणाली. पुढे दोनच दिवसांत ते तिच्या अंगाशी येणार होतं.

खरं तर चाचणीपेक्षा तिला काळजी होती ती पाहुणीची. मुकुंदरावांची थोरली बहीण मालूआत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जळगावहून येणार होती आणि या बहीणभावांनी कित्येक वर्षांत एकमेकांशी अक्षर काढलं नव्हतं. कारण सांगायलाही लाज वाटावी असं. सानिकाच्या भावाच्या लग्नात सगळ्या कुटुंबाचा फोटो काढायचा होता. ऐन वेळी मुकुंदरावांना चष्मा सापडेना, तेव्हा मालूआत्याच तो आणायला कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर गेली. धापा टाकत चष्मा घेऊन ती खाली आली, तोवर फोटो काढून झाला होता. तिने चष्मा भावाच्या हातात ठेवला, पिशवी उचलली आणि न जेवता निघून गेली. मुकुंदराव मनातून खजील झाले, पण चुकलं म्हणायला त्यांची जीभ रेटेना. मग जितके दिवस गेले तितकी ती जास्तच जड झाली.

सानिकाला आत्या मनापासून हवी होती. लहानपणी तिच्या वेण्या आत्यानेच घातल्या होत्या. डोळ्याचं ऑपरेशन होऊन आत्या परत जाईल, वयही झालंय, आता नाही जमलं तर कधीच जमणार नाही, ही भीती तिला खात होती. तिचा डाव साधा होता. भिंतीसमोर आत्या बसेल, बाबांचा फोटो ढेपेएवढा होईल, मग दोघांनाही नाही म्हणायला तोंड उरणार नाही. घरात मध्यस्थी करायला आईही नव्हती. ती सुनेच्या बाळंतपणाला बंगळूरला गेली होती.

आदल्या दिवशी बापलेकीने मिळून भिंतीत फोटो भरले. आंब्याच्या झाडावर चढलेली मालूआत्या, आजोबांची सायकल, आत्याच्या शाळेतल्या मैत्रिणी, शेजारचे कुलकर्णी, सानिकाचे दात पडलेले फोटो. मुकुंदराव नाही नाही म्हणत प्रत्येक फोटोमागची हकीकत सांगत होते. एका फोटोपाशी मात्र ते अडले. तो त्यांचा स्वतःचा होता.

"हा नको. तिला राग येईल."

"येऊ दे. रागाच्या माणसालासुद्धा बाहुली ओळखते."

"तू भिंतीचं कौतुक मला सांगू नकोस," ते म्हणाले, पण फोटो त्यांनी काढला नाही. संध्याकाळी ते सानिकाने बघू नये अशा बेताने खोलीत जाऊन पलंगावरची चादर दोनदा सारखी करून आले.

दुसऱ्या दिवशी सानिकाने आत्याला स्टेशनवरून परस्पर डॉक्टरांकडे नेलं. डोळे तपासून झाल्यावर, काळा चष्मा लावलेली आत्या तिचा हात धरून घरी आली. घरात मुकुंदराव नव्हते. बहिणीला मटारउसळ आवडते हे त्यांना अचानक आठवलं होतं आणि त्यासाठी बाजारात जाणं अतिशय निकडीचं झालं होतं. तो कुठे आहे हे आत्याने विचारलं नाही आणि सानिकानेही आपण होऊन सांगितलं नाही. आत्याला पाहुण्यांच्या खोलीत पलंगावर बसवून, काळा चष्मा काढून ठेवून ती चहा टाकायला गेली.

आधण येतंय न येतंय तोच खोलीतून किंकाळी आली.

"अगं बाई गं! मुकुंदा गेला! माझा मुकुंदा गेला आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही!"

सानिका धावली. आत्या पलंगावर कपाळ धरून बसली होती आणि समोर भिंतीवर, मधोमध, झेंडूचा जाडजूड हार झळकत होता. आणखी काही न बघता सानिकाने आधी बटण बंद केलं. भिंत कोरी झाली.

"आत्या, अगं, बाबा आहेत! मटार आणायला गेलेत!"

"तोंडदेखलं बोलू नकोस. ऑपरेशन व्हायचंय म्हणून लपवलंत ना? काल फोनवर बाबा बरे आहेत म्हणालीस, तेव्हाच तुझा आवाज मला कसातरी लागला. मेल्या एका फोटोपायी मी अबोला धरला गं... माझंच नशीब फुटकं!"

"कोण गेलं?" दारातून आवाज आला. हातात पिशवी घेऊन मुकुंदराव उभे होते, घाबरून पांढरेफटक झालेले. "ताई, काय झालं? कोण गेलं?"

आत्या चाचपडत उठली. आधी तिने त्यांचे खांदे धरले, मग गाल, मग कान. खात्री पटल्यावर तिने त्यांच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"जिवंत होतास, तर इतकी वर्षं बोलायला काय धाड भरली होती?"

"चुकलं गं ताई," मुकुंदराव म्हणाले. इतक्या वर्षांची जड झालेली जीभ अशी एका धपाट्यात सुटली. "माझ्या चष्म्यासाठी तू तीन मजले चढलीस आणि मला पाच मिनिटं थांबता आलं नाही." मग दोघंही रडले आणि सानिकाने उतू गेलेल्या चहाने भरलेली शेगडी आनंदाने पुसली.

संध्याकाळी तिने रियाजला फोन लावला. हाराचा उलगडा तिला एव्हाना झाला होता. भिंतीने हजारो घरं पाहिली होती. माणसं ज्या फोटोकडे सगळ्यात जास्त वेळ बघत राहतात, त्याला हार असतो, इतकंच तिने त्यातून शिकून घेतलं होतं. मेलेलं आणि जिवंत हा फरक तिला कुणी सांगितलाच नव्हता.

"पण रियाज, सिद्धांत खरा ठरला! आत्याची नजर बाबांवरच खिळली. भिंतीने बरोबर ओळखलं."

पलीकडे रियाज नोंदी चाळत होता. "सानिका, आत्या घरी कुठून आल्या?"

"डोळ्यांच्या डॉक्टरां..." सानिका थांबली.

"थेंब," दोघं एकदमच म्हणाले.

डोळे तपासण्याआधी बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, हे बाहुलीवर पीएचडी केलेल्या बाईच्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्याच्या बाहुल्या आधीपासूनच सताड उघड्या होत्या. भिंतीच्या लेखी तिला कुलकर्णीही जिवाभावाचे होते आणि आजोबांची सायकलही.

"मग भिंतीला निवडायला उरलं ते एवढंच, कुठल्या फोटोकडे किती वेळ बघितलं," रियाज म्हणाला. "डोळे दिपल्यामुळे त्या पलंगासमोर एकाच दिशेला बघत बसल्या. तिथे जो फोटो होता, त्याला हार चढला. आणि आता रागावू नकोस. तो फोटो तुझ्या बाबांचा नव्हता."

"मग कुणाचा?"

"चाचणीसाठी मी एक परका चेहरा मिसळला होता. तुला मुद्दामच सांगितलं नाही, नाहीतर चाचणीला अर्थ काय? आमच्या मिरजेचे एक पैलवान आहेत. गलमिश्या, खांद्यावर गदा."

फोन ठेवून सानिका स्वयंपाकघरात गेली. बहीणभाऊ ताटात मटार सोलत बसले होते. तिने सगळं सांगितलं आणि चाचणी साफ फसली म्हणून कबूलही केलं. मुकुंदरावांनी आपल्या गुळगुळीत ओठांवरून आणि काटकुळ्या दंडांवरून हात फिरवला. ते चांगलेच दुखावले होते.

"पैलवान? ताई, जन्मापासून बघतेस मला, आणि तू एका पैलवानासाठी रडलीस?"

"मला मेलीला चेहरा दिसत होता कुठे?" आत्या शेंग चाचपत म्हणाली. "नुसतं पिवळं पिवळं दिसलं. हार आहे एवढं कळलं आणि पोटात एकच नाव आलं. तुझं. आता सोल गुपचूप, अर्ध्याहून जास्त शेंगा तुझ्याकडेच आहेत."