थांब्यावर एक जण

भट्टीत एक लाकूड सारा रे. आणि त्या नळीखालचं भांडं हलवू नका, पहिली धार यायला अजून वेळ आहे. आलुबुखाराची दारू काय नि गोष्ट काय, घाई केली की दोन्ही जळतात.

पावेल, तू यंदा याशला कॉम्प्युटर शिकायला चाललास ना? मग जरा पुढे सरकून बस. ही गोष्ट माझ्या होरियाची. माझा धर्मपुत्र तो. बाप्तिस्म्याच्या पाण्यातून काढल्यावर मीच त्याला कडेवर घेतलं होतं. तो माझ्याशी खोटं बोलत नाही. बोलला तरी मला कळतं, आणि त्याला ते माहीत आहे.

तर, मार्चमधला शनिवार होता. होरिया सकाळच्या छोट्या बसने वालेया रेचे या गावी निघाला. काम साधंच. त्याचा वसतिगृहातला जोडीदार तुदोर जानेवारीत बर्फावर गाडी घसरून गेला होता, आणि त्या दिवशी त्याचा चाळिसाव्या दिवसाचा विधी होता. तुदोरच्या आईने, वेताबाईने, निरोप धाडला होता, "ये रे बाळा. तुझ्या हातात द्यायचं आहे काही."

बसमध्ये होरियाच्या मनात दुःख होतं का? होतं, थोडं. पण खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटत होतं. अगदी शाळेपासून हा तुदोर त्याच्या पुढे. शाळेत हा दुसरा, तो पहिला. याशला आले, एकाच वर्गात, एकाच खोलीत, तरी तेच. हा तीन दिवस डोकं आपटून एखादी चूक शोधत बसायचा. तुदोर मागून यायचा, सफरचंद खात खात बघायचा, आणि खांद्याला कोपराने ढोसून म्हणायचा, "सरक जरा, मी बघतो." आणि हा सरकायचा. दोन मिनिटांत चूक सापडलेली असायची.

"अरे, सोपं होतं," तुदोर म्हणायचा, "तू फार विचार करतोस."

त्यात कुचकेपणा नव्हता हो. तेच तर होरियाला सलायचं. माणूस वाईट असता तर त्याला मनसोक्त शिव्या देता आल्या असत्या.

तिसऱ्या वर्षी पदवीसाठी ज्याचा त्याने एक प्रोग्राम करून दाखवायचा असतो. तुदोरने काय करावं? त्याची आई दर आठवड्याला बाजारासाठी फाट्यावर उभी राहायची, तासन् तास, थंडीत. बस येणार की नाही, कुणाला ठाऊक! म्हणून त्याने फोनवर चालणारं असं काही बनवलं, की नकाशावर बस धावताना दिसते, आणि थांब्यावर उभ्या माणसाने एक बटण दाबलं की तिथे ठिपका पेटतो, शेजारी नाव येतं, आणि ड्रायव्हरला लांबूनच कळतं की कोण ताटकळलंय. होरियाने ही कल्पना ऐकली तेव्हाच त्याच्या पोटात दुखायला लागलं. त्याचा स्वतःचा प्रोग्राम म्हणजे कुठल्याशा पुस्तकांच्या दुकानाचा हिशेब. तोही चालत नव्हता.

तुदोरची एक खोड होती. पुरं झाल्याशिवाय तो कुणाला काही दाखवत नसे, मास्तरांनाही नाही. होरियाला मात्र दाखवलं होतं. तपासणीसाठी ते दोनच फोनांवर होतं, एक तुदोरचा, एक होरियाचा. आणि तुदोरचा फोन वेताबाईने त्याच्या कोटाच्या खिशात घालून त्याच्याबरोबर मातीत दिला होता. तुम्हीही पाहिलंय, हल्ली तसं करतात.

कबरीपाशी पाद्रीबाबांचं म्हणून झालं. कोलिवा, म्हणजे गोड शिजवलेला गहू, वाटला गेला. बाया तुदोरचं गुणगान करत होत्या, कसा गुणाचा, कसा हुशार, असा पोरगा पुन्हा होणे नाही. होरिया मनात म्हणाला, मेल्या म्हशीला मणभर दूध. मग वेताबाई पुढे आली. एका हातात पेटती मेणबत्ती खोचलेली पावाची कडी, दुसऱ्या हातात तुदोरचा लॅपटॉप.

"घे बाळा. माझ्या तुदोरसाठी."

आता आपल्यात लहान पोराला विचारा. मेलेल्याच्या नावाने दिलेलं घेताना काय म्हणायचं?

बरोबर. बोगदाप्रोस्ते. देव त्याला क्षमा करो. तेवढं म्हटलं की ती वस्तू तिकडे त्याला पोचते, इकडे ती आपण नुसती वापरायची.

होरिया म्हणाला, "आभारी आहे, मावशी."

शेजारच्या म्हातारीने त्याला दंडाला चिमटाच काढला. "आभार कसले मानतोस, मेल्या? बोगदाप्रोस्ते म्हण! नाहीतर त्याला पोचायचं कसं?"

होरियाने ओठ हलवले. आवाज काढला नाही. वेताबाई रडत होती, तिला वाटलं म्हणाला. तो का नाही म्हणाला, ते त्याने मला पुढे स्वतः सांगितलं. "मित्रूकाका, इतकी वर्षं सगळं त्यालाच पोचत होतं. मार्क त्याला, शाबासकी त्याला. माझ्या मनात आलं, एवढी एक वस्तू तरी त्याला न पोचता माझी होऊ दे."

एवढा जळफळाट, आणि तोही मेलेल्या माणसावर.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. लॅपटॉपवर तुदोरचा प्रोग्राम होता, जवळजवळ पुरा. होरियाने पुस्तकांच्या दुकानाला टाळं लावलं आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला. प्रत्येक पानाच्या माथ्यावर तुदोरचं नाव होतं, ते पुसून स्वतःचं घातलं. त्याच्या मार्गदर्शक बाईंनी पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

"होरिया, हे तू केलंस? खरं सांगते हं, मला वाटलं होतं तू कसाबसा पास होशील."

म्हणजे कौतुकसुद्धा झालं ते असं! तो त्या दिवशी जेवला नाही.

एकच अडचण राहिली होती. हमरस्त्याच्या फाट्यावर बस वळली की नकाशावरून नाहीशी व्हायची. होरियाने महिनाभर डोकं फोडलं. काही जमेना.

आणि मग जूनची सव्वीस तारीख आली. गुरुवार. सकाळी नऊला परीक्षकांपुढे उभं राहायचं होतं. वसतिगृह निम्मं रिकामं, पोरं घरी गेलेली. खिडकी उघडी होती, बाहेर लिंडनचा मोहोर घमघमत होता. रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. होरिया त्या फाट्याशीच झगडत होता. एका बाजूला नकाशा उघडा, रिकामा. रात्री कुठली बस असणार?

वालेया रेचेच्या चर्चच्या थांब्यावर ठिपका पेटला.

होरियाने आधी स्वतःचा फोन पाहिला. तो टेबलावर पडला होता, बंद. पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. ठिपक्याशेजारी नाव होतं.

तुदोर.

'काहीतरी जुनं साठलेलं असेल,' तो स्वतःशीच म्हणाला. कॉम्प्युटरवाल्यांचं हे बरं असतं, प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण असतं. त्याने ठिपका पुसला. सगळं बंद करून पुन्हा चालू केलं.

ठिपका पेटला. पण चर्चपाशी नाही. पिठाच्या गिरणीच्या थांब्यावर.

गिरणी म्हणजे याशच्या बाजूला एक थांबा पुढे.

त्याने खिडकी लावून घेतली. का, ते त्यालाही कळलं नाही. खोली तिसऱ्या मजल्यावर.

फाटा.

तिथे तरी नाहीसा होईल, त्याला वाटलं. तिथे सगळंच नाहीसं होतं...

नाही झाला. वळला. पुढे आला.

पेट्रोल पंप.

लॅपटॉप मिटवावा असं होरियाला वाटलं, पण मिटवला तर तो कुठवर आलाय ते कळणार कसं? तो नुसता बघत राहिला.

रेल्वे स्टेशन.

कॉरिडॉरमधला दिवा भगभगला. खाली कुठेतरी कुत्रं भुंकलं आणि मध्येच थांबलं.

वसतिगृह.

ठिपका तिथे थांबला. नाव तिथे थांबलं. होरिया श्वास रोखून ऐकत होता. जिना वाजला नाही. दार वाजलं नाही. काहीच वाजलं नाही...

मग त्याच्या खांद्याला कोपर लागलं.

हलकं. सवयीचं.

आणि होरिया सरकला. काय करणार, इतक्या वर्षांची सवय! खुर्ची सोडून पलंगाच्या काठावर बसला. मग त्याला कळलं आपण काय केलं ते.

खुर्ची करकरली.

कळा खाली जाऊ लागल्या. एक... मग दोन... मग भराभर. समोर कुणी नव्हतं. स्क्रीनवर अक्षरं उमटत होती, पुसली जात होती, पुन्हा उमटत होती. ओली माती आणि विझवलेली मेणबत्ती, असा वास आला.

होरियाची पाचावर धारण बसली होती. तरीही त्याचे डोळे स्क्रीनवर होते, आणि त्याला दिसलं काय चाललंय ते. तो फाटा दुरुस्त होत होता. महिनाभर त्याला न सुटलेली गाठ. दोन मिनिटांत.

पोरांनो, तुम्हाला वाटेल तेव्हा तो किंचाळला असेल. नाही. त्याला मत्सर वाटला! मेलेला माणूस समोर बसलाय, अंगावर काटा उभा आहे, आणि हा मनात म्हणतोय, मेला तरी माझ्यापेक्षा हुशार!

कबरीपाशी न म्हटलेला तो शब्द त्याला आठवला. जिभेवर आला. एकदा म्हटला असता तर सुटला असता, तोही आणि तुदोरही.

त्याने दात आवळले.

गिळला.

कळा थांबल्या.

खोलीत एवढी शांतता, की स्वतःच्या पापण्या मिटल्याचंही ऐकू यावं. खुर्ची हळूच त्याच्याकडे वळली...

त्याने पांघरूण डोक्यावरून ओढलं. मग पुन्हा कळा सुरू झाल्या. पण आता वेगळ्या. भराभर नाही. एकाच लयीत. चार-पाच कळा, मग थांबणं. तेच पुन्हा, मग थांबणं. पुन्हा. पुन्हा. उजाडेपर्यंत.

सकाळी खोलीत कुणी नव्हतं. लॅपटॉप उघडाच. प्रोग्राम चालू, फाटा सरळ, नकाशावर पहिली बस झकास धावत होती. ठिपका नव्हता. माथ्यावर होरियाचंच नाव होतं. फाटा सुटल्यावर उजाडेपर्यंत जे काही टाइप झालं, त्यातलं एक अक्षरही कुठे सापडलं नाही.

तो परीक्षकांपुढे उभा राहिला. सगळे खूश. एकाने विचारलं, "हा फाट्याचा प्रश्न फार सुरेख सोडवलाय. कसं सुचलं?"

होरियाने तोंड उघडलं आणि म्हणाला, "मला नाही सुचलं. हे तुदोरचं आहे. सगळंच."

नाही रे पावेल, त्याला उपरती वगैरे झाली नाही. तसा तो नाहीच. मी त्याला विचारलं तेव्हा फणकारून म्हणाला, "तर काय! त्याने दिलेल्या दहापैकी दहा मार्कांवर माझं नाव? जन्मभर तो वाढणार आणि मी ताट पुढे करणार? त्याची भीक नको मला."

मत्सरानेच त्याला चोर होऊ दिलं नाही. जगात असंही असतं.

वर्ष वाया गेलं. पुढच्या वर्षी त्याने ते पुस्तकांचं दुकान कसंबसं उभं केलं, सहा मार्क मिळवले, आणि आता क्लूझला नोकरी करतो. बरं चाललंय म्हणे. निघण्याआधी मात्र एका संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. टेबलावर ठेवला आणि हात पुसला.

"मित्रूकाका, हा तुमच्याकडे राहू दे. मला घरात नको."

"वेताबाईला परत का देत नाहीस?"

"तिला काय सांगू?"

मी म्हणालो, "होरिया, माझ्याकडे बघ. तो शब्द म्हटलास का?"

बाहेर कोंबड्या खुराड्यात शिरत होत्या, तिकडे बघत बसला.

"अजून नाही."

"अरे, मग तो..."

"माहीत आहे मला," म्हणाला, आणि टोपी उचलून गेला.

त्या रात्री मी लॅपटॉप उघडला. सुरू नाही केला, नुसता दिव्याखाली धरला. तुदोरने तो दीड वर्षच वापरला असेल. कळा नव्याकोऱ्या, वरची पांढरी अक्षरं ठसठशीत. फक्त पाच कळा तेवढ्या झिजलेल्या. अक्षरं पार गेलेली, आणि मध्ये बोटाएवढा खळगा पडलेला, चर्चच्या जुन्या पायरीला पडतो तसा. कुठल्या पाच, ते मी शेजारच्या कळा बघून ताडलं. मग एका कागदावर त्या ओळीने लिहिल्या: A, H, I, O, R.

होरिया हे नाव लिहायला लागतात, त्याच त्या पाच होत्या.