उगमाकडची पावलं

मावशीने यंत्राची कांडी ओढ्यात बुडवली आणि आकडा स्थिरावायची वाट पाहिली. शिसं पुन्हा वाढलं होतं.

"अजून वर?" भाऊजींनी विचारलं.

"वरच."

भाऊजींची मुलगी, म्हणजे मावशीची भाची, दवाखान्यात होती. रक्तात शिसं भिनलेलं, पाय लुळे पडलेले. डॉक्टरांनी हात टेकले होते. "कुठून येतंय ते शोधा, नाहीतर गावातलं एकेक मूल असंच आडवं होईल." पाण्यातलं विष शोधणं हे मावशीचं रोजचं काम. पाण्यात इतकं शिसं म्हणजे वर कुठेतरी भट्टी, खाण, निदान टाकलेल्या बॅटऱ्या. पण इथे साधी पायवाटही नव्हती, आणि प्रत्येक वळणावर आकडा चढतच होता.

उगमाशी खडकाखालून नितळ पाणी झिरपत होतं. तिने कांडी धरली. शून्य.

"मशीन बिघडलं का हो?"

"नाही." तिने काठच्या चिखलात कांडी टोचली. शून्य. वीतभर बाजूला टोचली, आणि आकडा मोजमापाच्या पलीकडे गेला.

ती खाली वाकली. अनवाणी पावलाचा ठसा. लहान. पुढे दुसरा, तिसरा. विष फक्त ठशांत होतं.

भाऊजी ठशाजवळ उकिडवे बसले. "करंगळी बघा. शेजारच्या बोटावर चढलेली. आपल्या पोरीची अशीच आहे."

"ती अंथरुणातून उठू शकत नाही, भाऊजी."

"मला कळत नाही का ते!"

खडकावर चढल्यावर फोनला रेंज मिळाली. दवाखान्यात लेकीजवळ बसलेल्या ताईने लगेच उचलला. "झोपलीय. मी हलले नाहीये इथून. काय झालं?"

"तिचे पाय बघ."

पांघरूण सरकल्याचा आवाज आला.

"ओले आहेत गं," ताई म्हणाली. "चिखल कसा लागला?"

फोन कट झाला.

मावशी धावत खाली आली आणि विष आणखी पाण्यात उतरायच्या आत दोन्ही हातांनी ठसे खरवडू लागली. भाऊजीही तुटून पडले. नखं फुटली तरी थांबले नाहीत. सगळा चिखल पिशवीत भरला, तोंड घट्ट बांधलं.

"चला," ती म्हणाली. "लवकर."

ते परतायला वळले.

आल्या वाटेवर त्यांच्याच बुटांचे ठसे होते. त्यांच्यावर अनवाणी पावलं उमटली होती, वर येणारी.

शेवटचं पाऊल, ठसे खरवडताना मावशी जिथे गुडघे टेकून बसली होती, त्या जागेच्या अगदी मागे होतं. त्यात पाणी अजून भरत होतं.