चौथी बादली

हुमनाबादच्या बसस्टँडमागे माझं गिझर दुरुस्तीचं दुकान आहे. नाव प्रेमानंद, पण गिऱ्हाइकं ‘गिझरवाले’ म्हणूनच हाक मारतात. आमच्या भागातलं बोअरचं पाणी जड. भांड्यांवर पांढरे डाग, नळाच्या तोंडाला पांढरी दाढी. टाकी नसलेला, नळ सोडला की पेटणारा गॅस गिझर म्हणजे आत तांब्याची वेटोळी नळी आणि खाली जाळ. जड पाणी तापलं की त्यातला क्षार नळीला आतून धरतो. सहा महिन्यांत धार करंगळीएवढी होते, पुढे नळी जळते. आच कमी ठेवा, पाणी शिरतं तिथे गाळणी बसवा, सहा महिन्यांनी धुऊन घ्या, असं मी घसा कोरडा करून सांगतो. ऐकतं कोण? न ऐकणाऱ्यांवरच माझं घर चालतं म्हणा.

धुण्याची रीत साधी. बादलीभर कोमट पाण्यात किराणा दुकानातलं निंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवायचं आणि छोट्या पंपाने ते पाणी नळीतून फिरवायचं. क्षार फसफसतो. पहिल्या बादलीला जोरात, दुसरीला कमी. फसफस थांबली की आतलं सगळं निघालं असं समजायचं. पंधरा वर्षांत तिसरी बादली मला दोन-तीनदा लागली असेल. चौथी कधीच नाही.

मागच्या दिवाळीनंतर निर्णा गावातून मंजुश्री नावाच्या बाईचा फोन आला. तिच्या सासऱ्यांचा, गुंडेरावांचा गिझर बदलायचा होता.

“काय बिघडलंय?”

“बिघडलं न्हाई हो काहीच. आठ वर्षं झाली, म्हणून भ्या वाटायलंय.”

आठ वर्षांत तो एकदाही धुतलेला नव्हता. आत दगड भरला असणार, असं म्हणत मी तो खोलला. नळी दुकानातून आजच आणल्यासारखी लाल होती. मी टॉर्च मारली, तार घातली, निंबूफुलाचं पाणी सोडलं. एक बुडबुडा आला नाही. बोअर सातशे फुटांचं, आणि त्याच पाण्याच्या अंगणातल्या नळाला बोटभर दाढी होती. माझं डोकंच चालेना.

“मग क्षार जातो कुठं?” मी मोठ्याने म्हणालो.

गुंडेराव ओसरीवर खुर्चीत बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, कातडी पांढरट, खवल्याखवल्यांची. त्यांनी नुसते डोळे माझ्याकडे वळवले. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई म्हणाल्या, “संधिवात हाय म्हणालेत डॉक्टर. पाच वर्षं झाली, उठले न्हाईत. गरम पाण्यानं बरं वाटतंय म्हणून दोनदा आंघोळ घालतो. गिझर त्यांच्यापुरताच. आम्ही आपलं चुलीवर तापवतो.”

नवा गिझर बसवून निघताना हातातला पाना चुकून त्यांच्या कोपराला लागला. बद्द असा आवाज आला. तुंबलेल्या नळीवर पाना मारला की असाच आवाज येतो. खुर्चीला लागला असेल, असं मी म्हटलं आणि पिशवी आवरली. त्यांना लागलं का, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

“जुना तुम्हीच न्या की,” मंजुश्री म्हणाली. मी लगेच गाडीला बांधला.

माझ्या घरी गिझर नव्हता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! आई, सावित्रीबाई, त्यावरून मला चार माणसांत चिडवायची. तिने तीस वर्षं दुसऱ्याच्या रानात राबून मला आयटीआय शिकवलं. आता गुडघे आणि बोटं दुखायची, तरी भाकरी तीच थापायची. तिच्या भाकरीच्या थापांनी मला सकाळी जाग यायची. ती थाप कधी थांबेल, या विचाराला मी फार भ्यायचो. म्हणून तो गिझर तिच्यासाठी बसवला.

आईला पाणी मानवलं. पंधरा दिवसांत म्हणाली, “दुखायचं पार थांबलंय बघ.”

मी दर महिन्याला नळी खोलून बघायचो. लख्ख. डोळ्यांसमोर दिसत होतं तरी मला त्याचं कारण कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी खूश होतो. काहीतरी मोठं हाती लागलंय, असं वाटायचं.

माघात पंचशीला, माझी बायको, म्हणाली, “आत्याबाईंच्या भाकरीचा आवाज येगळाच यायलाय.”

मी कान दिला. थाप सावकाश पडत होती. बद्द. मग बराच वेळ काही नाही. मग बद्द.

“हात बी पांढरे पडलेत,” ती म्हणाली.

“थंडी आहे. तेल लाव,” मी म्हणालो. डॉक्टरांकडेही नेलं. त्यांनी संधिवात लिहून दिला आणि गरम पाण्याने शेकायला सांगितलं.

मार्चमध्ये मंजुश्रीने पुन्हा बोलावलं म्हणून निर्ण्याला गेलो. दार गुंडेरावांनी उघडलं.

“ये की आत. कामून उभारलास भाईर?”

ते चालत पुढे गेले. हात हलवत, खांदे हलवत. मागून सत्यभामाबाई डोळे पुसत आल्या. “देव पावला बघ. नवा गिझर आला आन् महिन्यात हे उठून बसले. पर गिझर मातर बेकार दिलास. धारच येईना.”

मी नवा गिझर खोलला. चार महिन्यांत नळी क्षाराने गच्च भरली होती. भरायलाच हवी होती. कुठल्याही घरात भरते तशी.

पुढचा रस्ता मला आठवत नाही.

भर दुपारी घरी आलो. आई खुर्चीत बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी आधी गिझर भिंतीवरून उपटला आणि अंगणात फेकला.

“आई, ऊठ.”

“उठते की. थांब जरा.”

ती उठली नाही.

मी निंबूफुलाच्या पाण्याचा एक थेंब तिच्या अंगठ्यावर टाकला. थेंब पांढरा झाला आणि फसफसला.

“दुखतंय?”

“न्हाई. गार लागायलंय. कामून रडायलास रे?”

पंचशीला दाराला धरून उभी होती. “दवाखान्यात नेऊ,” ती म्हणाली. दवाखान्यात जाऊन काय सांगणार होतो? मला एकच काम येतं. बादलीत कोमट पाणी घेतलं, निंबूफूल विरघळवलं आणि आईचे दोन्ही पाय उचलून आत ठेवले. ते फार जड होते.

पाणी जोरात फसफसलं. फेस काठावर आला.

दुसऱ्या बादलीला आईच्या चेहऱ्यावर रंग आला. मी देवाला न मानणारा माणूस, पण हात जोडले.

तिसऱ्या बादलीला फसफस कमी व्हायला हवी होती.

मी पाणी बदललं. चौथी बादली.

या वेळी पाय हलके लागले. पाणी तसंच फसफसत होतं.

“आई, बोटं हलव.”

“हलवायलेच की,” ती म्हणाली. “लई हलकं वाटायलंय बाबा. असू दे असंच.”

पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. घोट्याखाली काही दिसत नव्हतं. मी अजून हात घालून बघितलेलं नाही.