सुरुवातीचा तुकडा

गाडीच्या मागच्या सीटवर अकॉर्डियन बसलं होतं... पट्टा लावून. पलीकडे त्याचा मालक, बिनपट्ट्याचा. गायिका दारातच थबकली.

"हा येणार नाही म्हणालास ना?" तिने स्टिअरिंगवरच्या ड्रमरला विचारलं.

"ही येणार नाही, असं मला सांगितलंय," अकॉर्डियनवाला खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"दोघांशी सारखंच खोटं बोललोय. कुणावर अन्याय नाही," म्हणत ड्रमरने गाडी काढली.

तिघांचा बँड मतभेदांमुळे फुटला, असं लोकांना सांगितलेलं. मतभेद एकच होता. गाण्याआधीचा तुकडा अकॉर्डियनवाला लांबवायचा आणि तो संपायच्या आत ही गायला लागायची. त्याला वाटे, ही मला ऐकत नाही. तिला वाटे, हा मला गाऊ देत नाही. लग्नाचं विचारायचं त्याच्या मनात होतं, पण तेही तो लांबवतच राहिला.

चढावर इंजिन तापलं. पाऊस भुरभुरत होता. ड्रमर बॉनेट उघडून म्हणाला, "तोवर तालीम करा. बँड फुटल्यानंतर पहिल्यांदाच एकत्र वाजवतोय. संध्याकाळी स्टेजवर भांडण्यापेक्षा इथे भांडून घ्या."

"नाही जमलं तर पुढच्या स्टँडवर उतरेन," ती म्हणाली.

"उतर. मी अडवणार नाही," अकॉर्डियनवाला म्हणाला आणि तिची बॅग स्वतःच्या पायांमागे सरकवली.

त्याने वाजवायला घेतलं... आणि थांबला. ती गप्प. टपावर नुसता पाऊस.

"गा ना."

"तू संपव ना आधी."

"संपला."

"एवढ्यात?"

"तुझ्यासाठी कापला. तेव्हापासून असाच वाजवतो. बाकीच्या गायिकांची पंचाईत होते."

"आणि मी थांबायला शिकले रे! लोकांना वाटतं, मी शब्द विसरले."

हसावं की भांडावं, दोघांनाही कळेना. भांडायचा सराव जास्त होता. पण विषयच संपला होता.

त्याने घसा खाकरला. "एक विचारायचं होतं... म्हणजे बरेच दिवस... तशी घाई नाही, पण समजा आपण दोघं—"

"हो."

"अगं, मला संपवू तरी दे!"

"बरं, संपव. थांबते."

तो आठवू लागला. पुढचं काही केल्या आठवेना.