सात सेकंदांची कण्हेर

कागलच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या प्रयोगशाळेत वारा तयार होत असे. एका टोकाला माणसाच्या दुप्पट उंचीचा पंखा, दुसऱ्या टोकाला जाळी, आणि मधे लोखंडी पायांवर जखडलेली एक विद्युत मोटारसायकल. गेल्या तीन वर्षांत ती एक इंचही पुढे सरकली नव्हती. तरी वाऱ्याच्या हिशेबाने तिची पृथ्वीला एक प्रदक्षिणा पुरी झाली होती.

पेट्रोलची इंजिनं रस्त्यावरून गेली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की आता गाडीवर गाणं नीट ऐकू येईल. आलं नाही. वारा इतकी वर्षं इंजिनाच्या आड लपून गोंगाट करत होता आणि शिव्या इंजिन खात होतं, एवढंच कळलं. ताशी साठला गायकाचा आवाज पातळ व्हायचा, ऐंशीला शब्द जायचे, शंभरला नुसता ठेका उरायचा. लोक आवाज वाढवत राहिले आणि चाळिशीत 'काय म्हणालात?' असं विचारू लागले.

श्रीरंग इंगवलेने आवाज वाढवण्याचा नाद सोडून वजाबाकी धरली. हेल्मेटच्या आत, कानाच्या तोंडाशी, तिळाएवढा एक ध्वनिटिपक बसवायचा. कानात काय काय शिरतंय ते तो टिपणार. त्यातून गाणं बाजूला काढलं की उरतो तो वारा. त्या वाऱ्याची तंतोतंत उलटी लाट, म्हणजे प्रतिनाद, गाडीच्या कर्ण्यांतून सोडायची. लाट आणि उलटी लाट भेटल्या की दोन्ही मिटतात आणि गाणं तेवढं राहतं. सगळी मेख 'तंतोतंत'मध्ये होती. जे पुसायचं ते आधी पूर्ण लिहून काढावं लागत होतं.

कर्ण्यांच्या पेट्या मिरजेच्या दस्तगीरचाचांनी केल्या होत्या. चाचांचं घराणं तंबोरे करणारं. पोकळीत आवाज कसा फिरतो हे त्यांना गणिताशिवाय कळत असे, आणि हे श्रीरंगला ऐकवण्याची एकही संधी ते सोडत नसत. "इंजिनियर," ते म्हणायचे, "तुझ्या संगणकाला आठवडा लागला, मी तर टिचकी मारून सांगितलं होतं." पेट्यांना त्यांनी भोपळ्याचा गोल आकार दिला, त्यामुळे इंगवलेची गाडी अर्ध्या मैलावरून ओळखू यायची. चाचणीसाठी तंबोराच वापरायचा हाही हट्ट त्यांचाच. खर्जाची तार चांगली लागली की न छेडलेला गांधार तिच्यातून आपोआप ऐकू येतो. इतका नाजूक की भवती जरा गडबड असली तरी बुडतो. "शंभरच्या वेगाला गांधार आला तर यंत्र पास," चाचा म्हणाले, आणि नियम ठरला.

मग एप्रिलमधली ती चाचणी झाली. मान्यता मंडळाला चाळीस मिनिटांची अखंड नोंद हवी होती. दोन नोंदयंत्रं, दोन स्वार. चाचा आपल्या गाडीवर पुढे, श्रीरंग वीस मिनिटांनी मागे. यंत्रात ढवळाढवळ नको म्हणून मोबाईल प्रयोगशाळेतच ठेवायचे, हा श्रीरंगचा नियम. वाठार आणि किणी टोलनाक्याच्या मधे चाचांच्या गाडीचा चाक फिरवणारा पट्टा तुटला. भर दुपारी एकसष्ट वर्षांच्या त्या माणसाने हात करून पाहिला, कुणी थांबेना, तेव्हा दोनशे किलोची गाडी साडेतीन किलोमीटर ढकलत नेली. नाक्याजवळ ती कलंडली आणि उजव्या मनगटावर पडली. हाड जुळलं, पण वाकडं. तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवून जवारी काढायला, म्हणजे तारेचा झंकार खुलवायला, बोटांत जो हलकेपणा लागतो तो गेला. मिरजेत जवारी काढणारी माणसं बरीच आहेत. ज्यांच्याकडे बाकीचे आपली बिघडलेली जवारी घेऊन यायचे ते चाचा होते.

श्रीरंग त्याच रस्त्याने, त्याच वेळी गेला होता. "मला दिसलेच नाहीत हो," असं त्याने दवाखान्यात चाचांच्या सुनेला सांगितलं, प्रयोगशाळेत सहकाऱ्यांना सांगितलं, विमा कंपनीच्या माणसाला सांगितलं आणि घरी बायकोला तर न विचारता सांगितलं. चाचांनीही सगळ्यांना सांगितलं होतं की पट्ट्यात डोकं घालून बसलो होतो, कोण आलं कोण गेलं बघायला सवड कुठली? दोन जबान्या एकमेकींना इतक्या छान जुळत होत्या की कुणाला काही विचारावंसंच वाटलं नाही.

श्रीरंगची जबानी खोटी होती. हे आपल्याशिवाय कुणालाच माहीत नाही, हा त्याचा मोठा आधार होता.

जुलैत कर्णतज्ज्ञ डॉ. वैजयंती आरोसकर कामावर रुजू झाल्या. वारा पुसून झाल्यावरही नोंदींत एक बारीक थरथर उरत होती, ती कुठून येते हे शोधायला त्यांना बोलावलं होतं. एका दुपारी त्यांनी श्रीरंगला पडद्यासमोर बसवलं.

"तुमची थरथर बाहेरची नाहीच," त्या म्हणाल्या. "आतली आहे. माणसाने डोळे फिरवले की कानाचा पडदाही हलतो. डोळे डावीकडे गेले की एका बाजूला, उजवीकडे गेले की दुसऱ्या. जितके लांब जातील तितका जास्त. मेंदू कानाला आधीच कळवून ठेवतो, मी तिकडे बघतोय म्हणून. आमच्या शास्त्रात हे जुनं आहे, तुमच्यासारख्या वारेवाल्यांना माहीत नसतं."

श्रीरंगला टोमणा आवडला. हलतो म्हणजे किती, त्याने विचारलं.

"इतका कमी की एरवी सापडायचा नाही. तुम्ही बाकीचं सगळं पुसलंत म्हणून सापडला. मी ह्याला नेत्रनाद म्हणते. हा वजा केला की तुमचा तंबोरा देवघरात लावल्यासारखा ऐकू येईल."

प्रात्यक्षिकासाठी त्यांनी सर्वांत स्वच्छ नोंद निवडली होती. नववी. श्रीरंगने आकडा वाचला आणि त्याच्या हातातला चहाचा कप जिथे होता तिथेच राहिला.

पडद्यावर रेघ धावू लागली. बाई कौतुकाने वाचून दाखवत होत्या. इथे आरशात पाहिलंत. इथे वेगाचा काटा. इथे ओव्हरटेक करणारा ट्रक. मग चोविसाव्या मिनिटाला रेघ डावीकडे गेली आणि दोन सेकंद तिथेच थांबली. तिथून एकदम उजवीकडे वळली आणि सात सेकंद उजवीकडेच राहिली.

"उजवीकडे काय होतं?"

"कण्हेर," श्रीरंग म्हणाला. "दुभाजकावर."

"सात सेकंद? शंभरच्या वेगाला?"

"फुलली होती."

बाई हसल्या, पण त्यांचं लक्ष रेघेवर होतं. फुलं बघणारा माणूस असं बघत नाही, त्या म्हणाल्या. त्याची नजर झाडावरून झाडावर उड्या मारते. ही रेघ एकाही झाडावर थांबत नव्हती. आधी जवळजवळ सपाट, मग हळूहळू चढत, शेवटी कड्यासारखी उभी. त्यांनी ती उलटी करून पाहिली, वर-खाली पालटून. मग रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एखाद्या वस्तूचा कोन वेगात जाणाऱ्याला कसा बदलताना दिसेल त्याचं गणित मांडलं आणि ती रेघ उलट्या रेघेवर ठेवली. दोन्ही एक झाल्या.

"तुम्ही कण्हेर बघत नव्हता," त्या म्हणाल्या. "डावीकडे, रस्त्यापासून तीन मीटरवर काहीतरी उभं होतं, ते तुम्ही बघत नव्हता. आणि अगदी तंतोतंत बघत नव्हता. ते जितकं डावीकडे सरकलं तितके तुम्ही उजवीकडे. अहो, हा तर तुमचाच प्रतिनाद झाला. एखादी गोष्ट टाळायची तर ती कुठे आहे ते क्षणाक्षणाला माहीत असावं लागतं." त्यांना शोधाचा आनंद झाला होता. "मेलेलं जनावर वगैरे होतं का हो? किळस आली की माणूस असं करतो."

मिरजेच्या कुणाचातरी हात मोडला एवढंच बाईंच्या कानावर आलं होतं, कुठे नि कसा ते नव्हतं. श्रीरंगला उत्तर द्यायला एक क्षण मिळाला, आणि त्या क्षणात त्याला ती दुपार पुन्हा दिसली. दोन चाचण्या आधीच वाया गेल्या होत्या. चोविसाव्या मिनिटाला, आयुष्यात पहिल्यांदा, शंभरच्या वेगाला त्याला गांधार ऐकू आला होता. आणि तेवढ्यात पुढे, कडेला, हात वर केलेले चाचा. थांबलं तर नोंद तुटणार. थांबलं तर चाचांचे टोमणे पट्ट्यापासून सुरू होऊन संगणकापर्यंत येणार. दुसरा कुणीतरी थांबेलच. कारणं इतकीच होती. इतकी लहान की ती कुणाला सांगण्यापेक्षा 'दिसले नाहीत' हे सोपं होतं.

"हो," तो म्हणाला. "तसंच काहीतरी होतं."

हे बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण आत्ता चाचांना काय म्हटलं. त्याने कप खाली ठेवला. हा नेत्रनाद कायमचा पुसता येईल का, त्याने विचारलं. येईल की, बाई म्हणाल्या, कर्ण्यातून त्याची उलटी लाट सोडायची. पण मग यंत्राला ती आधी काढून ठेवावी लागेल. म्हणजे स्वार कुठे बघत होता आणि कुठे बघत नव्हता, ह्याची रीतसर नोंद प्रत्येक गाडीत तयार होणार. मंडळाला हे कळवावं लागेल, नमुन्याच्या नोंदींसकट. "आणि 'दिसलं नाही' ही सबब रस्त्यावरून गेली म्हणून समजा," त्या म्हणाल्या. "बऱ्याच लोकांची पंचाईत होईल."

पडताळ्यासाठी त्यांना त्याच दिवसाची, त्याच रस्त्यावरची दुसरी नोंद हवी होती. ती होती. दहावी. चाचांच्या डोक्यावरच्या हेल्मेटमधलं यंत्र पट्टा तुटल्यावरही चालूच होतं.

श्रीरंग उठून गेला नाही. उलट त्याच्या मनात एक हावरी आशा उगवली. चाचा म्हणाले तसे त्यांचे डोळे पट्ट्यावर असले, तर चाचांना काही कळलेलंच नाही. मग ह्या सगळ्याला साक्षीदार एक यंत्र आणि ही बाई, बस्स.

दहावी रेघ सुरू झाली. हा स्वार थांबलेला आहे, बाई म्हणाल्या. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघतोय. नजर गाडीबरोबर येते, समोरून जाते, पुढे जाते, परत फिरते. एक, दोन, तीन. त्या मोजत गेल्या. चौदा गाड्या. पंधरावी लांबून आली, नजर दोन सेकंद तिच्यावर बसली, आणि मग वळली. भलतीकडेच. सात सेकंद.

बाईंनी रेघ उलटी केली. उलटी रेघ म्हणजे ताशी शंभरने जाणारी एक मोटारसायकल होती. त्यांनी दोन्ही नोंदींची घड्याळं जुळवली. नववी रेघ आधी वळली होती. दहावी तिच्यानंतर अर्ध्या सेकंदाने.

मग दहाव्या नोंदीवरचं स्वाराचं नाव त्यांनी वाचलं. "हे मिरजेचे ते? हात मोडलेले?" त्यांनी विचारलं. श्रीरंगने मान हलवली. बाईंनी पडदा बंद केला. पंधराव्या गाडीपर्यंत तो हात वर होता की नाही हे कानावरून सांगता येत नाही, एवढंच त्या म्हणाल्या, आणि कपबशा उचलायला लागल्या, जे त्यांचं काम नव्हतं.

श्रीरंगने दोन्ही नोंदी मंडळाच्या पाकिटात घातल्या. शेरा ह्या रकान्यात लिहिलं : 'स्वाराने पाहिले. थांबला नाही.' लिहिल्यावर छातीवरचा भार थोडा उतरला, आणि उरलेला उतरवायला तो दुसऱ्या दिवशी मिरजेला गेला.

चाचा दुकानाच्या मागच्या खोलीत होते. डाव्या हाताने भोपळा घासत होते, जे काम ते पूर्वी नव्या माणसांकडे देत. सून चहा ठेवून गेली. इकडचं तिकडचं झालं. मग श्रीरंगने रस्ताभर घोकलेलं वाक्य बोलून टाकलं.

"चाचा, त्या दिवशी मी तुम्हाला पाहिलं होतं."

चाचांचा हात थांबला नाही. "ठाऊक आहे."

"तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की..."

"तू मान फिरवलीस. म्हटलं, पोरगं अवघडलंय. मी बघत राहिलो तर आणखी अवघडणार. मग मी पण फिरवली." त्यांनी भोपळ्यावरची भुकटी फुंकली. "सगळ्यांना सांगितलं, पट्ट्यात डोकं होतं. बायकोला तेच, सुनेला तेच. सांगता सांगता मलाही तसंच वाटायला लागलं होतं."

श्रीरंग म्हणाला की त्याला राहवलं नाही, सांगायलाच हवं होतं. मंडळाकडेही तसं लिहून दिलंय, सगळं खरं खरं.

"म्हणजे आता कागदावर पण आलं," चाचा म्हणाले. त्यांनी भोपळा बाजूला ठेवला. "तू हलका होऊन जाशील, इंजिनियर. माझं बघ. इतके दिवस माझा पट्टा तुटला होता, एवढंच झालं होतं. मला कुणी टाकून गेलं नव्हतं."

श्रीरंगला क्षमा मागायची होती. ते शब्दही त्याने घोकून आणले होते. पण ते आता कुणाच्या उपयोगाचे नव्हते. बाहेरून सुनेने विचारलं, काय झालं, घासण्याचा आवाज का बंद झाला? चाचांनी, काही नाही, कामाचं बोलतोय, असं उत्तर दिलं.

मग ते भिंतीकडे बघू लागले. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं आणि त्यांची नजर कशावरच थांबत नव्हती. श्रीरंग अवघडून जरा चाचांच्या डावीकडे सरकला. चाचांची मान तेवढीच उजवीकडे गेली.