‘पुसा’चा प, ‘पाठवा’चा प

“आधी ऑल्ट दाबून धरा... बघा, शब्दांखालच्या लपलेल्या रेघा दिसायला लागल्या. ज्याच्याखाली रेघ, ते अक्षर दाबायचं. माऊसला हातही लावायचा नाही!”

चुकून तिच्याच खुर्चीत येऊन बसलेल्या प्रोग्रामरने पहिल्या भेटीत तिला हे शिकवलं होतं. तो ऑफिससाठी कॉम्प्युटरवरची निरोपांची खिडकी बनवत होता. त्या खिडकीतल्या बटणांना मराठी शब्द आणि ऑल्टबरोबर दाबायची अक्षरं देण्याचं काम तिचं. ऑफिसने त्याचं बारसं केलं होतं— रेघोबा.

आज दुपारी खिडकी तपासताना तिने सहज लिहिलं, “रेघोबा हसले की माझं शब्दांवर लक्ष राहत नाही.” स्वतःशीच लाजली आणि पुसून टाकायला ऑल्टबरोबर प दाबला.

निरोप गेला. सगळ्यांना.

‘पुसा’चाही प, ‘पाठवा’चाही प. दोन्ही तिनेच दिलेले! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं तिला. सगळ्या टेबलांवर एकदम खोकल्याची साथ आली.

“तरीच म्हटलं, हल्ली शुद्धलेखन का बिघडलंय!” हिशेबाच्या काकू म्हणाल्या.

ती उठून जिन्यात पळाली. मागोमाग तो आला.

“चूक माझी आहे,” ती भिंतीकडे बघत पुटपुटली. “अक्षराची. तेवढी पोटात घाला.”

“अक्षर बदललं मी. ‘पुसा’ला आता स.” तो घुटमळला. “आणि... वाक्य?”

“ते चाचणीचं होतं.”

“अस्सं. मग ते वाचून मी उगाच कीबोर्डवर चहा सांडला.”

तिला खुदकन हसू आलं, आणि त्या हसण्याचीच पुन्हा लाज वाटली. त्याचे कान लालबुंद झाले होते. या माणसाशी खोटं बोललो आपण...

“चाचणीचं नव्हतं,” ती कशीबशी म्हणाली.

“पण ते सगळ्यांना गेलं. मला एकट्याला कुठे काही सांगितलंत?”

“सांगेन. आजच. पण अशी जिन्यात लपून नाही— तुमच्या टेबलाशी येऊन.”

“सगळ्यांसमोरून?”

“हो... सगळ्यांसमोरून.”

तो आत गेला. तीही जागेवर जाऊन बसली. मान वर होईना. काकूंचा खोकला अजून थांबला नव्हता.

तिने ओढणी सारखी केली, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि टेबलांमधल्या वाटेने, सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत, त्याच्याकडे निघाली.